हाक दिली, हजर नाही

गुरुवार, २१ ऑगस्ट. पोळ्याचा आदला दिवस.

स्थळ: वर्ध्यातला एक मोठा दवाखाना, कान-नाक-घसा विभागासमोरचा हॉल, डावीकडून तिसरा बाक.

हजर: मी, वंदना, वय एकोणपन्नास. माझ्या सासूबाई, वय शहात्तर, पूर्ण वेळ. माझे मिस्टर दिलीपराव सव्वा अकरापर्यंत; त्यानंतर ते बोरगाव मेघेच्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात माल उतरवून घ्यायला गेले, दीडला परत.

ही नोंद मी त्याच दिवशी बाकावर बसून केली. हातांना काहीतरी काम हवं होतं. तीन दिवसांपासून मला काहीही ऐकू येत नव्हतं.

दिलीपराव जाताना सासूबाईंकडे बोट करून काहीतरी म्हणाले. ओठांवरून कळलं, "आई आहे ना." आई होत्या, पण त्यांना दहा वर्षांपासून कमी ऐकू येतं आणि अलीकडे तर कानाशी ओरडल्याशिवाय येतच नाही. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. त्या दिवशी ते तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आजारी बाईजवळ घरचं माणूस बसवलं म्हणजे झालं, एवढाच विचार आम्ही केला.

तर त्या बाकावर आम्ही दोघी बसलो. दार उघडायचं, शिपाई बाहेर यायचा, कागदाकडे बघत तोंड हलवायचा आणि आत जायचा. कोणीतरी उठून त्याच्या मागे जायचं. मी त्याच्या तोंडावरची नजर हलू दिली नाही. पण तो मान वर करत नव्हता. मान खाली असलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत.

दीड वाजता हॉल रिकामा झाला. मी उठून दारात गेले, माझा कागद गठ्ठ्याच्या तळाशी होता. शिपायाने माझ्यासमोर तीन बोटं धरली. पुढचं वाचायची गरजच नव्हती. तीनदा हाक दिली, कुठे होत्या?

हे वाक्य मी स्वतः बावीस वर्षं म्हणत आले आहे.

"मी इथेच होते," मी म्हणाले. किती जोरात म्हणाले ते मला माहीत नाही. त्याने दचकून मागे पाहिलं. डॉक्टर निघून गेल्या होत्या. शुक्रवारी पोळा, शनिवारी विभागात ऑपरेशनं, मग रविवार. त्याने कागदावर सोमवारची तारीख टाकली.

खिडकीच्या या बाजूची मी

मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर काम करते. नालवाडीहून रोज बसने जाते. नाव, वय, गाव, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, एवढं लिहून कागद द्यायचा आणि नंबर आला की हाक द्यायची. गर्दीच्या दिवशी ओरडून ओरडून संध्याकाळी घसा बसतो.

लहानपणी कान वाहून माझा उजवा कान गेला. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. खुर्ची तिरकी ठेवायची, म्हणजे डावा कान खिडकीकडे येतो. नवीन माणूस भेटलं की त्याच्या उजव्या हाताला उभं राहायचं. सगळं व्यवस्थित बसवलेलं होतं, फक्त सगळं एका कानावर होतं.

हाकांचा माझा नियम होता. तीनदा हाक. तिसऱ्या हाकेला कोणी आलं नाही तर कागद गठ्ठ्याच्या तळाशी. दिवसअखेर जे कागद उरतील त्यांची नावं एका वेगळ्या रजिस्टरला. शेरा लाल शाईने: हाक दिली, हजर नाही. हे रजिस्टर ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी उद्या विचारलं तर आपल्याजवळ नोंद असावी, म्हणून मी ते सुरू केलं. तपासणीला आलेल्या प्रत्येकाने त्याचं कौतुक केलं आहे.

त्या गुरुवारी परत येताना ऑटोत मला एक बाई आठवली. कमलाबाई म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. डाव्या पायाच्या बँडेजवर कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधून यायची, चिखल लागू नये म्हणून. साखरेची पेशंट, पायाची जखम भरत नव्हती, सर्जरीच्या डॉक्टरांकडे नंबर. एका दुपारी सगळे गेल्यावर ती खिडकीशी आली. "कुठं होत्या बाई? तीनदा हाक दिली," मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, "इथीच तं होतो बाई."

मी तिला ऐकवलं होतं की इथेच होत्या तर कान कुठे होते.

पंखा

सुरुवात सोमवारी झाली होती. सकाळी जाग आली तेव्हा वाटलं लाइट गेली, कारण पंख्याचा आवाज नव्हता. डोळे उघडले तर पंखा फिरत होता. मी तो बराच वेळ बघत राहिले. मग टाळी वाजवली. हातांना लागलं, आवाज आला नाही. नंतर डाव्या कानात कुकरची शिटी सुरू झाली आणि ती काही थांबेना. ती बाहेरची नव्हती.

दिलीपराव म्हणाले मळ असेल. मलाही तेच वाटून घ्यायचं होतं. कोमट तेल घातलं. मंगळवारी आमच्याच रुग्णालयात जाऊन थेंब आणले. बुधवारी पुन्हा तेल. दवाखान्यात बावीस वर्षं काम करणाऱ्या बाईने तीन दिवस असे घालवले. हे मी मुद्दाम लिहिते. कान हळूहळू न जाता एकदम बंद झाला तर मळ समजून थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. ओपीडी बंद असेल तर आकस्मिक विभागात जा आणि मोठ्याने सांगा की एकदम बंद झाला. मला हे माहीत नव्हतं. म्हणून गुरुवारी मी हातात सोमवारची तारीख घेऊन गुपचूप घरी आले.

सुट्टीचे तीन दिवस

पोळ्याच्या दिवशी दुपारी गल्लीतून बैलजोड्या गेल्या. गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झुली. माळा हलताना दिसत होत्या. मी फाटकात उभी होते आणि शेजारच्या ताई माझ्याशी बोलत होत्या. मी मान हलवत होते. त्या हसल्या की मी हसायची.

शनिवारी नागपूरहून माझी मुलगी मयूरी आली. ती बँकेत आहे. फोन उचलता येत नव्हता म्हणून ती तीन दिवस नुसते मेसेज करत होती आणि मी "ठीक आहे" लिहीत होते. तिने दारातून माझं तोंड पाहिलं, बॅगही न ठेवता परत वळली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आली. पहिल्या पानावर तिने लिहिलं: "आईशी बोलायचं ते इथं. ओरडायचं नाई. लिहायचं."

ती वही माझ्याजवळ आहे. या लेखातलं बरंचसं बोलणं तिच्यातलं आहे, कारण मी ते ऐकलेलं नाही. बाकीचं ओठांवरून कळलेलं, किंवा नंतर घरच्यांनी सांगितलेलं.

रविवारी मी शेवटच्या पानावर एक यादी केली. आता काय करता येणार नाही याची. खिडकीवर बसणं. फोन. बसमध्ये कंडक्टरशी बोलणं. मागून येणारी गाडी. दाराची बेल. दुधाला आलेली उकळी. नंबर सोळापर्यंत गेले आणि सोळाव्या नंबरला लिहिलं, "मयूरीचा आवाज". मग ते पान फाडलं. त्या तीन दिवसांत मी रडले नाही. मला भीती एवढी होती की रडायला जागाच नव्हती.

मी अजून आवाज दिलाच नव्हता

सोमवारी दिलीपराव आणि मयूरी दोघंही सोबत आले. मयूरी माझ्यासोबत दाराला लागून उभी राहिली. नंबर आला तेव्हा तिने माझा दंड धरला.

आधी तपासणीची खोली. जाड दाराची, आतून गुबगुबीत भिंतींची, काचेच्या पलीकडे तपासणारी मुलगी. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बसले. ती खाली बघून काहीतरी फिरवत होती. शिटीशिवाय काही नव्हतं. मी वाट बघितली. मग मला वाटलं की एकदाही दाबलं नाही तर सगळं संपेल. मी बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. अंदाजाने, अंतर ठेवून. परीक्षेत उत्तर येत नसताना मुलं काहीतरी लिहितात तसं.

ती बाहेर आली, माझ्या हातातलं बटण काढून घेतलं आणि वहीत लिहिलं: "मॅडम, मी अजून आवाज दिलाच नव्हता."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तिने मात्र खाली आणखी एक ओळ लिहिली: "बरेच जण करतात. पुन्हा बसू."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी तपासणीचा कागद पाहिला आणि दिलीपरावांशी बोलायला लागल्या. दिलीपराव त्यांच्याशी. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि माझी मान या तोंडाकडून त्या तोंडाकडे फिरत होती. दिलीपराव काय म्हणाले ते मयूरीने नंतर लिहिलं: "तिले काई ऐकू येत नाई, मले सांगा." ते बरोबरच होतं. पण कान माझा होता.

मी वही टेबलावर आपटली. तेव्हा मॅडमनी पेन घेतलं.

"नस सुजली आहे. एकच कान होता, त्यामुळे आजच भरती. गोळ्या, आणि कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. सात दिवस गेले आहेत. लवकर यायला हवे होते."

"गुरुवारी आले होते," मी म्हणाले.

त्यांनी माझा कागद उलटून पाहिला. शिपायाचा शेरा होता. त्यांनी तो वाचला. मग लिहिलं: "किती परत येईल सांगता येत नाही. प्रयत्न करू."

किती परत येईल सांगता येत नाही. हे वाक्य मी पुढचे अठरा दिवस रोज उघडून वाचत होते, जणू एखाद्या दिवशी ते बदललेलं असेल.

अंगठा

दुसऱ्या दिवशी डोक्याचा एमआरआय होता. गाठ नाही ना, हे बघायला. गाठ हा शब्द मयूरीने लिहून खोडला होता, पण पानाच्या मागे उमटलेला दिसत होता.

त्या यंत्रात माणसाला आडवं सरकवतात आणि हलू नका, झालं, अजून पाच मिनिटं, हे सगळं स्पीकरवरून सांगतात. मला कोण सांगणार? डोकं अडकवलेलं, छत नाकाजवळ. मी तंत्रज्ञाला म्हटलं, मला जमणार नाही, मला घरी जायचं आहे. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने माझा कागद वाचला, डोकं खाजवलं आणि कागदाच्या मागे लिहिलं:

"पायाचा अंगठा एकदा दाबला म्हणजे सुरू. दोनदा म्हणजे थोडी विश्रांती. तीनदा म्हणजे संपलं. भेव वाटलं तं हा फुगा दाबजा, मी धावत येतो."

आणि त्याने ते पाळलं. प्रत्येक टप्प्याला तो आत आला. यंत्र अंगाखाली थडथडत होतं, आवाज नाही, नुसती थरथर. मी सगळं लक्ष उजव्या अंगठ्यावर ठेवलं. एक. दोन. एक. दोन. शेवटी तीन दाबल्याचं कळलं तेव्हा मी त्याच यंत्रात पहिल्यांदा रडले.

या माणसाला कोणी शिकवलं नव्हतं. कुठल्या नियमात अंगठा लिहिलेला नसेल. गाठ नव्हती, हे मला संध्याकाळी कळलं.

काई नाई

वॉर्डात दिवस ठरलेला असतो. सहाला तापमान, आठला गोळ्या, दहाला राउंड. इंजेक्शन एक दिवसाआड. कुशीवर झोपायचं, पडद्यातून सुई, मग अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचंही नाही. सुई दुखते, पण खोटं कशाला सांगू, मला सुईपेक्षा राउंडची भीती होती. पाच-सहा पांढरे कोट पलंगाभोवती उभे राहायचे, माझ्याबद्दल बोलायचे आणि निघून जायचे. त्यांच्या चेहऱ्यांवरून मी निकाल लावत बसायची.

दिलीपराव दिवसभर असायचे. माणूस बोलका. शेजारच्या पलंगवाल्यांशी त्यांची पहिल्याच दिवशी ओळख झाली. कोणीतरी काही म्हणायचं, सगळे हसायचे, मी विचारायची, "काय झालं?" दिलीपराव वहीत लिहायचे, "काई नाई." सिस्टर काही सांगून जायची. "काय म्हणाली?" "काई नाई, गोळीचं." मयूरीचा फोन यायचा, ते दहा मिनिटं बोलायचे. "काय म्हणते?" "काई नाई, बरी आहे."

चौथ्या दिवशी मी वही मागून पुढे चाळली आणि मोजलं. चौदा वेळा "काई नाई". मी वही त्यांच्यासमोर धरून ओरडले. ओरडले हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी घाईघाईने लिहिलं: "हळू बोल. सारा वार्ड ऐकून राह्यला."

"ऐकू द्या," मी म्हटलं. "मी सोडून सगळ्यांना ऐकू येतं ना!"

त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं. मग लिहिलं: "मले भेव वाटते. काय लिहू?"

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आहेत. हा माणूस मला भेव वाटते म्हणाल्याचं मला आठवत नाही. ऐकू येत असतं तर ते बोललेच नसते, असं मला वाटतं.

त्याच दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. आमचे चेहरे पाहिले. दिलीपरावांना चहाला पिटाळलं. मग स्टूल ओढलं, माझे खांदे धरून मला पलंगावर फिरवून बसवलं, पाठ खिडकीकडे. स्वतः समोर बसल्या. त्यांच्या तोंडावर उजेड पडला. त्या चौथी शिकलेल्या आहेत. पेन मुठीत धरून मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"आपली पाठ उजेडाकडं. लोकाईचं तोंड उजेडात. मंग दिसते."

आणि पान उलटून: "समजलं नाई तं हो म्हणू नको. मी हो हो म्हणत गेलो, लोक मले येडी समजले."

मी वाचून मान हलवली. त्यांनी वही पुन्हा ओढली.

"तू भी म्हणतच होती ना मले. जाऊ द्या आई, काई नाई."

त्यात राग नव्हता. त्यांनी डबा उघडला, भाजी वाढली, आणि मी जेवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्या घरातल्या कपाटात त्यांचं कानाचं यंत्र सहा वर्षांपासून डबीत पडलेलं आहे. शिट्या मारतं म्हणून त्या वापरत नाहीत, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. ते बसवून आणायला कोणी नेलं नव्हतं, हे सांगत नव्हतो.

झाकण

तिसऱ्या इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाठीमागे काहीतरी झालं. आवाज म्हणवणार नाही, गोधडीखालून कोणी ठोकल्यासारखं. मी वळले.

"काही पडलं का?"

दिलीपरावांनी वही घेतली आणि सवयीने लिहायला लागले, "काई ना". मग थांबले. ते खोडलं. खाली लिहिलं: "डब्याचं झाकण." माझ्याकडे बघितलं. ते उठले, झाकण उचललं आणि पुन्हा पाडलं. मग आणखी एकदा. सिस्टर रागावून आत आली तरी ते पाडतच होते.

पुढच्या तपासणीत मी अंदाजाने एकदाही बटण दाबलं नाही. जेवढं ऐकू आलं तेवढंच. कागदावरची रेघ थोडी वर आली होती. घरी सोडलं तेव्हा निम्म्याच्या आसपास परत आलं होतं. यंत्र लावल्यावर समोरच्या एका माणसाचं बोलणं समजतं. गर्दीत सगळा गोंगाट होतो आणि शब्द सुटे होत नाहीत. गुरुवारीच उपचार सुरू झाले असते तर आणखी आलं असतं का? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मी तेवढ्यावर थांबले. आजही सकाळी डोळे उघडण्याआधी मी कान देते. पंखा ऐकू आला की मगच उठते.

रेकॉर्डची खोली

दोन महिन्यांनी कामावर गेले. अधीक्षक साहेब भले माणूस आहेत. म्हणाले, "रेकॉर्डला बसा. तिथं बोलायचं काम नाही." त्यांनी सोय म्हणूनच म्हटलं. पण मला रेकॉर्डच्या दारातून खिडकी दिसायची, तिथे दुसऱ्या बाई बसलेल्या, आणि वाटायचं की त्या फाडलेल्या यादीतला पहिला नंबर खरा झाला.

रेकॉर्डला मी पंधरा दिवस होते; त्यातच माझं लाल शाईचं रजिस्टर काढलं. कशासाठी काढलं ते मला माहीत होतं, म्हणून दोन दिवस पुढ्यात घेऊन नुसती बसले. मग नावं बघायला लागले. आधी रोजची नावं तेवढी दिसायची. आता खाली उतरत गेले तसं तीच नावं परत परत दिसली. हाक दिली, हजर नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच माणूस. बस पकडून, उपाशीपोटी येऊन, दिवसभर बसून जाणारा माणूस गैरहजर कसा असेल? आणि असेल तर पुन्हा पुन्हा कशाला येईल? माझं रजिस्टर एवढं नीट होतं की हे कोणालाही दिसलं असतं. मलाच दिसलं नव्हतं.

तीन किंवा जास्त वेळा आलेली नावं मी वेगळी काढली. अकरा.

रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, मला खिडकीवरच बसायचं आहे आणि हाक बंद करायची आहे. साहेबांनी रजिस्टर वाचलं, पान उलटलं, पुन्हा वाचलं. शिपाई गजूभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, आता तुमालेच आयकू येत नाई, अन् तुमी लोकाईचं आयकान?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "आणि गजूभाऊ, माझ्याशी बोलताना तोंडात गुटखा ठेवू नका. ओठ दिसत नाहीत."

साहेब हसले. गजूभाऊंनी बाहेर जाऊन गुटखा थुंकला, हा त्या दिवसातला पहिला विजय.

आता केसपेपरवर जाड मार्करने नंबर टाकतो. दिलीपरावांनी दुकानातल्या सामानातून एक पेटी करून दिली. तिच्यात नंबरच्या पाट्या अडकवायच्या, वर लाल दिवा. पाटी बदलली की दिवा लागतो आणि सगळा हॉल मान वर करतो. पाटी तीन मिनिटं राहते. तरी कोणी आलं नाही तर गजूभाऊ कागद घेऊन बाकांमधून फिरतात आणि नाव दाखवतात. माझ्या खिडकीत पाटी-पेन्सिल ठेवली आहे. माझ्यासाठी आणि पलीकडच्यासाठी. सासूबाईंचं यंत्र बसवून आणलं. शिट्या मारत नाही. त्या म्हणतात, घरात भांडणं फार होतात, हे त्यांना माहीतच नव्हतं.

अकरा नावं

अकरा जणांना शोधायची परवानगी साहेबांनी दिली. गावोगावच्या आशाताईंनी पत्ते काढले. सुट्टीच्या दिवशी मी एकेकाकडे जाते. जाताना भीती वाटते. मी त्यांना काय सांगणार? की तुम्ही हजर होता?

दहा झाले. सात जणांना कमी ऐकू येतं. एका आजोबांना ऐकू येतं, पण बाकावरून उठून काठी सापडेपर्यंत तीन हाका संपायच्या. दोघे खरंच निघून गेले होते, शेवटची बस होती. एका काकूंनी मला ओळखलं आणि घरातल्यांना सांगितलं, "हेच त्या लाल शाईवाल्या बाई." मग चहा केला. चहा पिताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जोरात बोला ना बाई, मले आयकू येत नाई." मी उजेडाकडे तोंड करून पुन्हा मागितली.

अकरावं नाव कमलाबाईचं. रजिस्टरमध्ये ती चारदा आहे, चारही वेळा सर्जरीच्या डॉक्टरांकडे, चारही वेळा लाल शाई. पाचव्यांदा ती आलीच नाही. गावात घराला कुलूप आहे. आशाताईंनी चौकशी केली, ती गिरडला भावाकडे राहते म्हणतात. फोन नाही.

वर्ध्याच्या स्टँडपर्यंत मी दोनदा गेले. एकदा बस लागलेली होती, बसायला जागाही होती. मी चढले नाही. ती दारात येईल तेव्हा माझी नजर आधी कुठे जाईल हे मला माहीत आहे. डाव्या पायाकडे.

वहीत तिच्या नावापुढचा रकाना रिकामा आहे. गिरड. कमलाबाई. भेट बाकी.